जुन्या रस्त्याने पुण्याला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईहून पुण्याला जायला किती वेळ लागतो, असं आज कुणाला विचारलं तर उत्तर तासांत मिळतं. कुणी अडीच म्हणतो, कुणी तीन, आणि शनिवारी सकाळी निघालेला माणूस नुसतेच हात जोडतो. दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर दिवसांत मिळालं असतं आणि उत्तर देणाऱ्यानं आधी उलट विचारलं असतं, की पावसाळ्यात जाणार की उन्हाळ्यात? सामान किती? बैल आहेत का? रस्ता म्हणजे नुसतं अंतर नव्हे, तर वाटेवरचं पाणी, चढ, मुक्काम आणि सोबत हे सगळं मिळून रस्ता होतो, हे त्या काळी सांगावं लागत नसे.

ते आज आपल्याला पुन्हा कळतं का, हे पाहावं म्हणून आम्ही चौघा मित्रांनी एका रविवारी जुन्या रस्त्यानं पुण्याला जायचं ठरवलं. एक भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही मास्तरच म्हणतो. दुसरा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता. तिसरा बँकेतला, हिशेबाला पक्का. चौथा मी. अट एकच होती. द्रुतगती मार्गावर गाडी घालायची नाही; जिथे घाटात दोन्ही रस्ते एक होतात तेवढाच काय तो अपवाद. आणि जिथे कुणाला काही आठवेल तिथे थांबायचं. ही दुसरी अट फार महागात पडते, कारण या रस्त्यावर कोसाकोसाला काही ना काही आठवतंच.

सुरुवात पनवेलपासून केली, कारण रस्त्याची खरी सुरुवात तिथेच होती. मुंबई हे बेट. रेल्वे येण्याआधी पुण्याला निघालेला माणूस मुंबईच्या बंदरात मचव्यात बसे, भरतीची वेळ साधून खाडीतून पनवेलला उतरे आणि तिथून पुढे बैलगाडी, घोडा, पालखी किंवा पाय. आज पनवेलला उड्डाणपूल आणि गाड्यांच्या रांगा दिसतात. पण हे गाव वाढलं ते बंदर म्हणून. मीठ आणि किनाऱ्यावरचा माल इथून वर जायचा आणि देशावरचं धान्य खाली यायचं. ‘देश’ आणि ‘कोकण’ हे आपले दोन शब्द मुळात या चढ-उताराचेच शब्द आहेत.

पनवेल सोडलं की डावीकडे प्रबळगड आणि इर्शाळगड दिसू लागतात. चौक गावाजवळ आम्ही पहिल्यांदा थांबलो. या इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि ती वाडी मातीखाली गेली. मास्तर म्हणाले, “आपण काळ्या पाषाणाचे गोडवे गातो, पण त्या पाषाणावर जी माती साठते ती पाण्यानं फुगली की पाषाण तिला धरून ठेवत नाही.” मग त्यांनी डोंगराची गोष्ट सांगितली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडत राहिला. थरावर थर बसले. डोंगराच्या उभ्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. सह्याद्री चढणारी प्रत्येक वाट अशा पायऱ्या शोधत शोधत वर जाते. घाट कुणी नकाशावर आखत नाही. आधी पाणी त्याची घळ पाडतं, मग जनावरं तिथून चढतात, त्यांच्यामागून गुराखी, गुराख्यामागून व्यापारी, आणि सगळ्यांत शेवटी सरकार येतं.

खोपोली हे घाटाच्या पायथ्याचं गाव. इथे नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. गर्दीतून गाडी काढताना त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पेशवाईतल्या एका कारभाऱ्यानं नेमका इथेच तलाव का बांधावा? आमच्या ड्रायव्हर मित्रानं क्षणात उत्तर दिलं. “घाट चढायच्या आधी गाडीत पाणी बघतोस ना? तेच.” जुन्या गाड्यांचा रेडिएटर काय आणि बैल काय, चढापूर्वी पाणी दोघांनाही लागतं. पाचशे मीटरहून अधिक चढण पंधराएक किलोमीटरच्या आत चढायची तर जनावर तहानलेलं असून चालत नाही. तो तलाव म्हणजे त्या काळातली रस्त्याची सोय होती. देऊळ माणसांसाठी, पाणी सगळ्यांसाठी.

याच पाचशे मीटरचा दुसरा उपयोगही खोपोलीतच दिसतो. डोंगरावरून खाली उतरणारे मोठमोठे पाइप लांबून ओळखू येतात. टाटांनी लोणावळ्याच्या आसपास, इंद्रायणीच्या खोऱ्यात धरणं बांधून ते पाणी या कड्यावरून खाली सोडलं आणि १९१५ साली खोपोलीत वीज तयार होऊ लागली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. जी उंची बैलाच्या छातीवर येत होती, तीच जनित्र फिरवायला कामी आली. यातली मौज अशी, की इंद्रायणीचं पाणी सरळ वाहिलं असतं तर देहू, आळंदीवरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. कड्यावरून खाली सोडलेलं पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं. एकाच पावसाच्या दोन वाटा घाटमाथ्यावर अशा ठरतात.

खोपोलीपासून जवळच उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी तिथे कारतलबखानाची मोठी मोगल फौज गाठली. खान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटानं कोकणात उतरत होता. दोन्ही बाजूंना रान, मधे चिंचोळी वाट, पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी खानानं शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. ही लढाई जिंकली ती आधी वाटेच्या माहितीनं. कोणता घाट किती अरुंद आहे, फौजेचं तोंड आणि शेपूट यांत किती अंतर पडेल, याचा हिशेब महाराजांनी केलेला होता. खानानं केलेला नव्हता. म्हणजे घाट अवघड असणं हीसुद्धा एक तटबंदी होती. ज्याला तो मोडायचा होता, त्यानं रस्ता रुंद केला.

तो रुंद केला इंग्रजांनी. १८१८ साली पेशवाई संपली. मुंबईचं बंदर आणि पुण्याची छावणी एकाच अमलाखाली आली. आता तोफा, रसद आणि माल यांना चाकांवरून वर नेणारा रस्ता हवा होता, कारण बैलाच्या पाठीवर जेवढं जातं त्याच्या कितीतरी पट गाडीत जातं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता पुरा झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. कॅप्टन ह्यूजेस या अधिकाऱ्याकडे त्याचं काम होतं. याच रस्त्यावरचा दगडी पूल पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणून प्रसिद्ध झाला. नाव कुठल्या गव्हर्नराचं नव्हे, तर पुलावर लागलेल्या डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीचं. घाट चढून डोकं धरलेल्या प्रवाशाला त्याहून समर्पक नाव सुचलं नसतं.

घाटात शिंगरोबाचं छोटं देऊळ लागतं. आमच्या ड्रायव्हर मित्रानं सवयीनं गाडी हळू केली आणि खिशातून नाणं काढलं. “एसटीत असताना कधी चुकवलं नाही,” एवढंच म्हणाला. शिंगरोबा हा धनगर. लोककथा अशी, की इंग्रज साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा आपली जनावरं हाकत जाणाऱ्या शिंगरोबानं ती दाखवली. साहेब खूश झाला. काय हवं ते माग, म्हणाला. शिंगरोबानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली.

आमचा बँकवाला मित्र म्हणाला, “याला पुरावा काय?” प्रश्न रास्त होता. मास्तरांनी दिलेलं उत्तर मला अजून पुरतंय. ते म्हणाले, “कथेतला संवाद सोडून दे. कथा काय सांगते ते बघ. ती सांगते, की वाट साहेबाची नव्हती.” आणि हे तर खरंच आहे. बोरघाटाची वाट इंग्रजांनी शोधली नाही. ती किमान दोन हजार वर्षं चालती होती. रस्ता खुला झाल्याच्या नोंदीत गव्हर्नराचं नाव येतं, इंजिनिअरचं येतं. वाट ज्यांनी पायांनी पाडली त्यांची नावं कुठल्या शिळेवर येणार? मग लोकांनी एका धनगराचं देऊळ बांधलं आणि येता-जाता त्याच्यापुढे नाणं टाकलं. इतिहासानं जी नोंद केली नाही, ती लोकांनी आपल्या पद्धतीनं केली, असं मला वाटतं.

अशीच गोष्ट रेल्वेची. गाडीरस्त्यापाठोपाठ आगगाडी आली, पण घाटाशी येऊन अडली. १८५६ साली मुंबईकडून रुळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. आणि मधला घाट मोकळाच राहिला. पुढची पाच वर्षं प्रवासी खोपोलीला आगगाडीतून उतरायचे, पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून याच रस्त्यानं घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. आज कर्जतहून खोपोलीला जी लोकल जाते, ती त्या काळच्या मार्गाची उरलेली खूण आहे.

घाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ. गाडीला सरळ वळायला जागा नव्हती तिथे एक उलट-स्थानक केलं होतं; इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट दिशेनं वर न्यायची. ही पद्धत १९२९ पर्यंत चालली. या कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ साली वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ठेका सोडला नाही. अनुभवी इंजिनिअर नेमून तिनं तो पुरा करून घेतला. त्या काळात एका बाईनं हे करावं ही मोठी गोष्ट. पण कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी त्यांतले हजारो गेले. घाटात त्यांचं देऊळ नाही. ‘खंडाळ्याचा घाट’ हे शब्द उच्चारले की आपल्याला धबधबे आठवतात. त्याबरोबर तेही आठवावेत.

चढताना आमच्या ड्रायव्हर मित्रानं घाटाचे नियम पुन्हा एकदा म्हणून दाखवले. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा माणूस स्वतःचं नुकसान करतो आणि पुढच्याचंही. कारण मग सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण. “हे नियम पुस्तकातले नाहीत,” तो म्हणाला, “हे बैलगाडीपासूनचे आहेत.” आणि पटलं ते. चढणाऱ्याला आधी वाट देणं हा शिष्टाचार ओझं वाहणाऱ्याच्या सोयीचा आहे. इंजिन आलं म्हणून तो बदलला नाही.

अमृतांजन पुलाची जागा आता रिकामी आहे. द्रुतगती मार्ग या पुलाखालून गेला. पुलाच्या दगडी खांबांमुळे तिथे रस्ता चिंचोळा व्हायचा, वळणावर अपघात व्हायचे, तासन्‌तास कोंडी व्हायची. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, नियंत्रित स्फोट करून पूल पाडला. १९० वर्षं उभा असलेला पूल. आमच्या गाडीत यावर चांगलीच जुंपली. बँकवाला म्हणाला, दगडापेक्षा माणसाचा जीव मोठा. पाडला ते बरं केलं. मास्तरांना ते नाकारता येईना, पण सोसवेनाही. माझं मत असं झालं, की पाडणं टळत नसेल तर सांगणं तरी टाळू नये. ज्या जागी पूल होता तिथे चार ओळींची पाटी असावी. कुणी बांधला, केव्हा, कशासाठी, आणि का पाडावा लागला. शंभर वर्षांनी त्या वळणावरून जाणाऱ्या मुलाला आपल्यापुढे काय पेच होता हे कळायला हवं.

घाटमाथ्यावर लोणावळ्यात चिक्की घेतली. रेल्वेचं काम चालू असताना मजुरांना गुळाची नि शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. घाट चढून आलेल्या देहाला गूळ-शेंगदाणे हवेसे वाटावेत यात नवल नाही.

इथून पुढे रस्ता सपाट होतो आणि इतिहास दाट. कार्ल्याच्या फाट्याला डोंगर चढून गेलो. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, दोन हजार वर्षांचं. एवढं मोठं काम या आडरानात का? उत्तर खाली दिसतं: तो रस्ता. कोकणातल्या बंदरांकडून देशावर जाणारी वाट याच खोऱ्यातून जात होती. लेण्यातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं आहेत. कुणी सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. कुणी वैजयंतीचा, म्हणजे दूर कर्नाटकातल्या बनवासीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी. काहींनी स्वतःला यवन म्हणवलं आहे. प्रवासी पैसा ठेवून गेले आणि नावही. शिंगरोबाच्या देवळापुढचं नाणं आणि या खांबांवरचं दान, यांत मला फार अंतर दिसलं नाही. आणि लेण्याच्या दारातच एकवीरा आई. आगरी-कोळी बांधव आजही समुद्रकाठाहून घाट चढून तिच्या दर्शनाला येतात. किनारा आणि घाटमाथा यांचं नातं तिनं जागतं ठेवलं आहे.

याच कार्ल्याला ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. रघुनाथरावांना गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्यावर निघाली होती. शिपाई चार हजारांच्या आत आणि सामानाला एकोणीस हजार बैल, असं ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. डिसेंबर १७७८ मध्ये फौज घाटमाथ्यावर आली. तिथून तळेगाव जेमतेम तीस किलोमीटर; पण पोहोचायला ९ जानेवारी उजाडली. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांनी समोरासमोर मोठी लढाई न देता त्यांना पुढे पुढे येऊ दिलं. वाटेवरचा दाणा-वैरण काढून घेतली, खुद्द तळेगाव जाळून रिकामं केलं. पोटाला काही मिळेना, मागे घाट आणि चहूकडे मराठे. जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. तिथे त्यांना तह करावा लागला. तो तह कंपनीनं पुढे मानला नाही, ही गोष्ट वेगळी. आमचा बँकवाला म्हणाला, “म्हणजे एकोणीस हजार बैलांनी त्यांना हरवलं.” हिशेब चुकीचा नव्हता. फौजेला वेग सामान देत नाही, रस्ता देतो; आणि रस्ता तेव्हा मराठ्यांच्या बाजूचा होता. विशेष म्हणजे त्या शूर शत्रूला आपल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ असं नाव दिलं. त्याचं थडगं वडगावात आजही दाखवतात.

पुढे देहूरोड, निगडी, चिंचवड, आणि गाव संपून शहर कधी लागलं ते कळत नाही. पुण्यात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हिशेबनिसानं सांगितलं, दहा तास. द्रुतगती मार्गानं त्या वेळात जाऊन, जेवून, परत येता आलं असतं.

आता कुणी विचारेल, मग द्रुतगती मार्ग वाईट का? मुळीच नाही. २००२ साली तो पूर्ण खुला झाला. ९४.५ किलोमीटरचा हा मार्ग नसता तर जुन्या रस्त्यावर आज श्वास घ्यायला जागा उरली नसती. रुग्णवाहिकेला, भाजीच्या टेम्पोला वेगच हवा. आणि उद्या हाही जुना होईल. घाटाचा अवघड भाग टाळण्यासाठी बोगद्यांचा आणि उंच पुलांचा मार्ग आखला गेला तो त्याचसाठी. प्रत्येक रस्ता आधीच्या रस्त्याला बाजूला सारतच आला आहे. पायवाटेला गाडीरस्त्यानं सारलं, गाडीरस्त्याला रुळांनी, दोघांना डांबरानं.

पण बाजूला सारणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे जुना रस्ता आजही दुचाकीवाल्याचा, खोपोली-कामशेतच्या दुकानदाराचा, आठवडी बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याचा आहे. तो धड राखणं ही आठवणींची हौस नव्हे, ती रोजची गरज आहे. त्याचे कठडे नीट हवेत, दरडीकडे वेळेवर लक्ष हवं, आणि ठिकठिकाणी पाट्या हव्यात. तलाव कुणी बांधला, बोगद्यांत कोण राबलं, वाडी केव्हा गेली, हे सांगणाऱ्या. खर्च फार नाही.

तोवर एक काम आपल्याला करता येण्यासारखं आहे. वर्षातून एकदा, घरातल्या मुलांना गाडीत घालून, घाईचं काम नसताना जुन्या रस्त्यानं जा. बरोबर घरातलं एखादं म्हातारं माणूस असू द्या, म्हणजे गोष्टी आपोआप निघतील. खोपोलीला तळ्याशी थांबा. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा. आणि वर येणाऱ्याला आधी वाट द्या.